अंगावर काय उरलंय? आयसीयूतल्या कुपोषणाबद्दल वाचकांचे प्रश्न

अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या माणसाचं पोषण कसं जोखायचं, याबद्दल या वेळी नातेवाइकांची, सिस्टरांची आणि तरुण डॉक्टरांची पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं प्रौढ रुग्णांपुरती आहेत. लहान मुलांची मोजमापं आणि निकष वेगळे असतात.

प्रश्न : माझे वडील (वय ६८) न्यूमोनियामुळे आठ दिवस आयसीयूत आहेत. दाखल होताना अल्ब्युमिन ३.८ होतं, आता २.१ आहे. ‘शरीरातलं प्रोटीन संपलं’ असं सांगून अल्ब्युमिनच्या बाटल्या आणायला सांगितल्या. ते कुपोषित झाले आहेत का?
— वाचक, सांगली

उत्तर : त्या आकड्यावरून हे ठरवता येत नाही. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन यकृत तयार करतं आणि त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे २० दिवस असतं. म्हणजे उद्यापासून यकृतानं एक कणही बनवला नाही, तरी निव्वळ उपासमारीनं आठ दिवसांत ३.८ चं २.१ होणार नाही. मग ते गेलं कुठे? जंतुसंसर्गात बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि अल्ब्युमिन रक्तातून ऊतींमध्ये झिरपतं. रक्तदाब टिकवायला दिलेल्या सलाइननं उरलेलं विरळ होतं. शिवाय दाहाच्या (संसर्गाला किंवा इजेला शरीर देतं त्या प्रतिक्रियेच्या) काळात यकृत आपलं काम बदलतं; सीआरपीसारखी दाहाची प्रथिनं भराभर बनवतं आणि अल्ब्युमिन बाजूला ठेवतं. प्रीअल्ब्युमिनचं अर्धायुष्य दोन-तीन दिवसांचं, म्हणून ते जास्त भरवशाचं समजलं जाई. पण दाहात तेही असंच खाली येतं.

याची उलट बाजूही पाहा. महिनोन्‌महिने जेवण नाकारून हाडांचा सापळा झालेल्या तरुण मुलींमध्ये अल्ब्युमिन कित्येकदा साडेतीन-चार असतं, कारण त्यांच्या शरीरात दाह नसतो. म्हणून अमेरिकेतल्या ‘अॅस्पेन’ या पोषणवैद्यक संघटनेनं २०२१ मध्ये स्पष्ट लिहिलं की अल्ब्युमिन आणि प्रीअल्ब्युमिन कुपोषणाचे मापदंड म्हणून वापरू नयेत. २.१ हा आकडा आजार किती तीव्र आहे ते सांगतो, आणि ते महत्त्वाचं आहेच. कॅल्शियमचा किंवा फेनिटॉइन या फिटांच्या औषधाच्या पातळीचा रिपोर्ट वाचतानाही तो लागतो. पण पोषणाची पाटी त्याच्यावर लावू नये.

बाटल्यांबद्दल : २० टक्के अल्ब्युमिनच्या १०० मिलीत २० ग्रॅम प्रथिन असतं, पण ते अन्न म्हणून उपयोगी पडत नाही. शरीर ते सावकाश मोडतं आणि गळकी वाहिनी ते पुन्हा बाहेर सोडते. यकृताच्या काही आजारांत, पोटातलं पाणी मोठ्या प्रमाणात काढल्यावर, काही वेळा शॉकमध्ये ते देण्याला आधार आहे. ‘हे नेमकं कशासाठी?’ असं डॉक्टरांना शांतपणे विचारा. ‘पोषणासाठी’ असं उत्तर मिळालं, तर नळीवाटे रोज किती कॅलरी आणि किती ग्रॅम प्रथिनं जात आहेत हा पुढचा प्रश्न विचारा.

प्रश्न : आमच्या आयसीयूत वजनकाट्याचा बेड एकच आहे. बाकीच्यांचं वजन आणि उंची अंदाजे लिहिली जाते. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) त्यावरच काढतात. हे कितपत चालतं?
— परिचारिका, जिल्हा रुग्णालय

उत्तर : चालत नाही, आणि चूक दोन्ही बाजूंनी होते. उंची आधी घेऊ. ५० किलोच्या बाईची उंची १५५ सेंटिमीटर धरली तर बीएमआय २०.८ येतो, १६० धरली तर १९.५. पाच सेंटिमीटरच्या अंदाजानं शेरा बदलू शकतो. रुग्ण सरळ उताणा झोपू शकत असेल तर डोकं, कंबर, टाचा एका रेषेत आणा, टाळूच्या टोकाशी आणि टाचेशी चादरीवर खूण करा, रुग्णाला कुशीवर वळवताना टेपनं दोन खुणांमधलं अंतर मोजा. याला कुठलंही यंत्र लागत नाही. पाय आखडलेले, पाठीला बाक असेल तर गुडघ्याची उंची घ्या : गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात, टाचेच्या तळापासून वाटीच्या थोडं मागे मांडीच्या पृष्ठभागापर्यंत. साठीपुढच्या स्त्रीसाठी सूत्र असं : ८४.८८, त्यातून वयाची ०.२४ पट वजा, त्यात गुडघ्याच्या उंचीची १.८३ पट मिळवा. ६५ वर्षांची बाई, गुडघ्याची उंची ४६ सेंटिमीटर, तर उत्तर सुमारे १५३. पुरुषासाठी ६४.१९, वयाची ०.०४ पट वजा, गुडघ्याच्या उंचीची २.०२ पट अधिक. ही सूत्रं अमेरिकेतल्या वृद्धांवरून काढलेली आहेत, म्हणून आलेलं उत्तर अंदाजच समजावं. पण नजरेनं लिहिलेल्या उंचीपेक्षा ते बरं.

वजनाचं दुखणं मोठं आहे, कारण आयसीयूत काटा माणसाबरोबर पाणीही मोजतो. एक लिटर म्हणजे एक किलो. समजा, चार दिवसांपूर्वी सेप्सिसनं (संसर्ग अंगभर भिनल्यानं) आलेला रुग्ण आज ७१ किलो भरतो. चार्टवर चार दिवसांत साडेसात लिटर जमा दिसतात. ते वजा केले तर ६३.५. पण चार्टवर घाम आणि श्वासावाटे गेलेलं पाणी नसतं; ते दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर, तापात त्याहून जास्त. चार दिवसांचं दोन-तीन लिटर. म्हणजे कोरडं वजन ६३.५ ते ६६.५ च्या मध्ये कुठेतरी. मुलगा सांगतो की सहा महिन्यांपूर्वी वडील ७२ किलोचे होते. घट पावणेआठ ते बारा टक्क्यांच्या दरम्यान येते. कुपोषणाचा उंबरठा सहा महिन्यांत पाच टक्के धरला तर तो दोन्ही टोकांना ओलांडला गेला आहे, हे खात्रीनं म्हणता येतं. ‘तीव्र’ म्हणायला दहा टक्के लागतात. ते मात्र या आकड्यांवरून ठरत नाही, त्यासाठी स्नायू बघावे लागतील. नुसतं ‘७१ किलो, घट नाही’ असं फाईलमध्ये गेलं असतं, तर हा माणूस निसटला असता.

यकृताच्या रुग्णात पोटातलं पाणी वजा करायला एक जुना ठोकताळा आहे : थोडं पाणी असेल तर सुमारे २ किलो, मध्यम ६, भरपूर १४, पायावरच्या सुजेसाठी १, ५ आणि १०. ठोकताळाच आहे, तसाच वापरा.

बेडचा काटा वापरताना रुग्ण येण्याआधी गादी, चादर, उशीसकट शून्य करा आणि शून्य करताना बेडवर काय काय होतं ते बेडच्या पायथ्याशी लिहून ठेवा. नंतर ब्लँकेट, व्हेंटिलेटरच्या नळ्या, भरलेली लघवीची पिशवी बेडवर असेल तर दोन-तीन किलोचा फरक सहज पडतो. फाईलमध्ये वजनापुढे ‘मोजलेलं’, ‘नातेवाइकांनी सांगितलेलं’ की ‘अंदाजे’ हे एक शब्दात लिहा. पुढच्या पाळीतल्या माणसाला तो एक शब्द फार उपयोगी पडतो.

प्रश्न : भावाला पाच दिवस ‘फक्त सलाइन’वर ठेवलं आहे. त्यात ग्लुकोज असतं ना? उपासमार होत नाही ना?
— वाचक, नांदेड

उत्तर : पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर असते, म्हणजे १७० कॅलरी. दिवसाला दोन लिटर गेले तरी ३४०, आणि प्रथिन शून्य. नॉर्मल सलाइन किंवा रिंगर लॅक्टेटमध्ये कॅलरी जवळजवळ नसतातच. आतड्याला इजा, मोठ्या मात्रेत चालू असलेली रक्तदाबाची औषधं अशा कारणांनी पहिले एक-दोन दिवस थांबणं योग्य असू शकतं. युरोपातल्या ‘एस्पेन’ संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तोंडानं खाता येत नसेल तर ४८ तासांच्या आत नळीवाटे थोडं थोडं अन्न सुरू करावं. पाच दिवस काहीच नसेल तर त्यामागचं कारण फाईलमध्ये लिहिलेलं असायला हवं. आणि हे पाच दिवस कुपोषणाच्या हिशेबातही धरायला हवेत. रुग्णालयातली उपासमार ही उपासमारच.

प्रश्न : पोषण जोखायच्या पद्धती किती : एनआरएस-२००२, मॉडिफाइड न्यूट्रिक, एसजीए, ग्लिम. प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म भरायला सांगतात आणि एकाच रुग्णाची वेगवेगळी उत्तरं येतात. आयसीयूत कोणता खरा मानायचा?
— निवासी डॉक्टर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : उत्तरं वेगळी येतात, कारण प्रश्नच वेगळे आहेत. सगळ्यात जास्त गैरसमज न्यूट्रिकबद्दल आहे, म्हणून तिथून सुरुवात करू.

न्यूट्रिक कॅनडातल्या डॅरेन हेलँड यांच्या गटानं २०११ मध्ये मांडला. इंटरल्युकिन-६ ही दाहाची तपासणी सगळीकडे होत नाही, म्हणून ती वगळून ‘मॉडिफाइड’ झाला. वय ५० ते ७४ ला १ गुण, ७५ पासून २. अॅपाचे-२ चा (आजाराची तीव्रता सांगणारा) आकडा १५ ते १९ असेल तर १, २० ते २७ ला २, २८ पासून ३. सोफा (अवयव किती बिघडले याचे गुण) ६ ते ९ ला १, १० पासून २. दोन किंवा अधिक जुने आजार असतील तर १. आयसीयूत येण्याआधी रुग्णालयात एक दिवस किंवा जास्त गेला असेल तर १. एकूण ९, ५ पासून ‘जास्त धोका’. आता यात वजन, जेवण, स्नायू कुठे आहेत ते शोधा. कुठेच नाहीत. हा आजाराच्या तीव्रतेचा आकडा आहे, नावात मात्र पोषण आहे.

त्याचा परिणाम पाहा. समजा, ३५ वर्षांचा क्षयरोगी, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ३८ किलो, बीएमआय साडेतेरा. थेट आयसीयूत आला. अॅपाचे-२ चौदा, सोफा पाच, दुसरा जुना आजार नाही. त्याचा मॉडिफाइड न्यूट्रिक शून्य येतो. दुसरीकडे ५८ वर्षांचा धडधाकट, व्यवस्थित जेवणारा माणूस, अपघातानंतर दोन दिवस वॉर्डात राहून आला. अॅपाचे-२ बावीस, सोफा आठ. त्याचे गुण पाच, म्हणजे ‘पोषणाचा जास्त धोका’. फॉर्म बरोबर भरले गेले आणि तरी निष्कर्ष उलटा निघाला. ‘गुण जास्त, म्हणून जास्त खाऊ घाला’ हेही सिद्ध झालेलं नाही. सौदी अरेबियातून झालेल्या परमिट चाचणीतल्या रुग्णांची याच गुणांवर विभागणी करून पाहिली, तेव्हा कमी आणि पूर्ण कॅलरींमध्ये कुठल्याही गटात मृत्यूचा फरक दिसला नाही. २०२३ च्या एफर्ट चाचणीत पोषणाच्या दृष्टीनं धोक्यातल्या रुग्णांना रोज किलोमागे २.२ ग्रॅम किंवा जास्त प्रथिन दिलं. फायदा झाला नाही, आणि मूत्रपिंडाला इजा झालेल्यांत नुकसान दिसलं.

एनआरएस-२००२ डेन्मार्कच्या कोंड्रुप यांचा. पोषणाला ० ते ३, आजाराला ० ते ३, सत्तरीपासून एक जास्त. ३ पासून धोका. आयसीयूतला, अॅपाचे दहाच्या वर असलेला रुग्ण आजाराच्या रकान्यात आपोआप ३ घेतो. म्हणजे चाळणीतून कुणीच खाली पडत नाही, आणि अशा चाळणीनं निवड होत नाही. उपयोग करायचाच तर आजाराचे गुण बाजूला ठेवून पोषणाचा रकाना वाचा. तिथले ३ गुण म्हणजे एका महिन्यात पाच टक्क्यांहून जास्त घट, किंवा गेल्या आठवड्यात नेहमीच्या पाव हिश्शाहून कमी जेवण, किंवा प्रकृती खालावलेली आणि बीएमआय १८.५ च्या खाली. ही माहिती कामाची आहे.

चाळणीबद्दल एस्पेननं गुंता सोडवूनच टाकला आहे : ४८ तासांहून जास्त आयसीयूत राहणारा प्रत्येक जण कुपोषणाच्या धोक्यात आहे असं समजा. तेव्हा ‘धोका आहे का’ यावर वेळ घालवू नये. ‘हा माणूस येतानाच कुपोषित होता का, आणि किती’ हे ठरवण्यासाठी एसजीए आणि ग्लिम आहेत.

एसजीए टोरांटोतल्या डेट्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये सविस्तर लिहून दिली. सहा महिन्यांतलं वजन आणि शेवटच्या दोन आठवड्यांतला कल, जेवण, दोन आठवड्यांहून जास्त चाललेली उलटी-जुलाबाची तक्रार, हिंडणं-फिरणं. मग हातानं चरबी, स्नायू आणि सूज. शेवटी गुणांची बेरीज नाही, तपासणाऱ्याचा निवाडा : अ (पोषण ठीक), ब (मध्यम कुपोषण) किंवा क (तीव्र). ज्यांना बेरजेची सवय आहे त्यांना हे सैल वाटतं. आमचं मत वेगळं आहे. शेवटच्या दोन आठवड्यांत वजन सावरू लागलेला आणि अजून घसरणारा, दोघांची घट दहा टक्केच असली तरी ते सारखे नसतात, आणि हा फरक निवाड्यात उतरतो.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लिम निकषांत दोन बाजू आहेत आणि प्रत्येकीतलं किमान एक लागतं. अंगावरची बाजू : सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त घट, किंवा कमी बीएमआय (आशियाई लोकांत सत्तरीच्या आत १८.५ खाली, पुढे २० खाली), किंवा कमी स्नायू. कारणाची बाजू : आठवड्याहून जास्त काळ गरजेच्या निम्मं किंवा कमी जेवण, दोन आठवड्यांहून जास्त काळ जेवणात कुठलीही घट, पचन-शोषणाचा आजार, किंवा दाह. आयसीयूत दाह जवळजवळ प्रत्येकात असतो, म्हणजे दुसरी बाजू आधीच भरलेली. सगळा भार पहिल्या बाजूवर येतो, आणि तिथे वजन पाण्यानं फुगलेलं, बीएमआय त्याच वजनावर उभा. उरतात नातेवाइकांनी सांगितलेली घट आणि स्नायू.

म्हणून आमचा सल्ला : दाखल झाल्यावर ४८ तासांत एसजीए करा, त्याच माहितीवर ग्लिम लिहा. मॉडिफाइड न्यूट्रिक तुमच्या विभागाच्या नोंदींसाठी हवा असेल तर भरा, पण अन्नाची मात्रा त्यावर ठरवू नका.

प्रश्न : बेशुद्ध रुग्ण, अंगभर सूज. अशा वेळी हात लावून स्नायू काय कळणार?
— आहारतज्ज्ञ, पुणे

उत्तर : बरंच कळतं, फक्त कुठे हात लावायचा ते ठरवावं लागतं. आडव्या माणसात पाणी खालच्या बाजूला साचतं : माकडहाड, कुशी, मांडीचा मागचा भाग. वरच्या अंगाची हाडं त्यामानानं खरं बोलतात. कानशिलापासून सुरू करा. बोट फिरवलं की सपाट किंवा किंचित फुगीर लागायला हवं. खड्डा लागला तर नोंद घ्या. मग हासळी : पुरुषात ती दिसली तर चालते, पण तिच्या वर-खाली खोल घळ असू नये. खांद्याचा गोल जाऊन चौकोनी कोपरा दिसतोय का? कुशीवर वळवताना फऱ्याच्या कडा मोकळ्या दिसतात का? हाताच्या पंजावर अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल उंचवटा दाबून बघा. चरबीसाठी दंडाच्या मागची कातडी स्नायूपासून सोडवून चिमटीत धरा. दोन बोटं जवळजवळ एकमेकांना टेकली तर मध्ये फक्त कातडी आहे.

फसवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. कवळी काढून ठेवलेली असली की गाल बसलेले दिसतात. पालथं झोपवून ठेवलेल्या रुग्णाचा चेहरा सुजतो आणि कानशिलाचा खड्डा भरून निघतो. जुन्या लकव्यात एकाच बाजूचा हात-पाय सुकलेला असतो. तो पोषणाचा पुरावा नाही, दुसऱ्या बाजूला तपासा. फार वयस्कर माणसात थोडी झीज वयाचीच असते.

पोटरीचा घेर गुडघा काटकोनात ठेवून, सगळ्यात जाड भागाशी, न ताणणाऱ्या टेपनं, मांस न आवळता घ्या. स्नायूंच्या झिजेवरच्या आशियाई कार्यगटानं २०१९ मध्ये पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरच्या खाली शंका घ्यायला सांगितलं आहे. ते हिंडत्या-फिरत्या लोकांच्या चाळणीसाठी. आयसीयूत ते एकाच दिशेनं वापरा. सूज असूनही पोटरी २९ भरत असेल तर स्नायू नक्की कमी आहेत. ३६ भरली तर काहीच सिद्ध होत नाही.

वेळ महत्त्वाची. लंडनमध्ये २०१३ साली गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू अल्ट्रासाउंडवर मोजला गेला. दहा दिवसांत त्याचं क्षेत्रफळ सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटलं, अनेक अवयव निकामी झालेल्यांत आणखी. ही झीज दाहानं आणि निजून राहण्यानं होते, नुसत्या अन्नानं ती थांबत नाही. आठव्या दिवशी पहिल्यांदा हात लावला तर माणूस असा आला होता की इथे असा झाला, हे सांगणं कठीण होतं.

प्रश्न : आईचं वजन ८२ किलो. डाएटिशियन म्हणाल्या, ‘कुपोषण आहे.’ हे कसं शक्य आहे?
— वाचक, ठाणे

उत्तर : शक्य आहे, आणि आपल्याकडे ते नजरेतून हमखास सुटतं. वजनात चरबी, स्नायू, पाणी सगळं येतं. आजारपणात झुंजताना उपयोगी पडतो तो स्नायू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. भारतीय शरीर दिसतं त्याहून चरबीनं भरलेलं आणि स्नायूंनी कमी असतं. मधुमेहाच्या संदर्भातलं हे निरीक्षण पोषण जोखणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं.

तुमच्या आईचं वजन चार महिन्यांपूर्वी ९१ किलो असेल, तर जवळजवळ दहा टक्के घट झाली आहे, आणि आजारपणात घटताना स्नायूही जातो. खुर्चीतून हात न टेकता उठणं, जिना चढणं, पाण्याची भरलेली बादली उचलणं यातलं काय आणि कधी बंद झालं, हे डाएटिशियनना सांगा.

प्रश्न : दारूचं व्यसन असलेला, तीन आठवडे नीट न जेवलेला रुग्ण. नळीवाटे पूर्ण आहार सुरू केला. तिसऱ्या दिवशी फॉस्फरस १.१, व्हेंटिलेटरवरून काढता येईना. आधी कळलं असतं का?
— वैद्यकीय अधिकारी, विदर्भ

उत्तर : हो. पोषण जोखण्याचा सगळ्यात तातडीचा उपयोग इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उपाशी शरीर चरबीवर चालतं, इन्शुलिन खाली असतं आणि पेशींमधला फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा साठा हळूहळू रिता होतो. रक्तातले आकडे मात्र ठीक दिसू शकतात. अन्न सुरू झालं की इन्शुलिन उसळतं आणि हे तिन्ही क्षार रक्तातून पेशीत ओढले जातात. फॉस्फरस संपला की पेशीला ऊर्जा साठवता येत नाही. श्वासपटल दमतं, हृदयाची लय बिघडते. साखर जाळायला थायमिन लागतं, आणि दारूच्या रुग्णात तेच नसतं.

हा धोका (‘रीफीडिंग सिंड्रोम’) आधी ओळखायला ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या निकषांत यातलं एक पुरेसं : बीएमआय १६ खाली, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त घट, दहा दिवसांहून जास्त जवळजवळ उपास, अन्न सुरू करण्याआधीच फॉस्फरस, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी. किंवा यातली दोन : बीएमआय १८.५ खाली, १० टक्क्यांहून जास्त घट, पाच दिवसांहून जास्त उपास, दारू किंवा इन्शुलिन, केमोथेरपी, अँटासिड, लघवीची औषधं यांचा वापर. तुमचा रुग्ण तीन आठवड्यांच्या न जेवण्यावरच बसतो. नातेवाइकांना एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं.

असा रुग्ण ओळखला की अन्न किंवा डेक्स्ट्रोज सुरू करण्याआधी थायमिन १०० मिलिग्रॅम शिरेतून, मग रोज. दारूच्या रुग्णात गोंधळलेपणा किंवा डोळ्यांची हालचाल बिघडलेली असेल तर मात्रा याहून बरीच जास्त लागते. पहिल्या दिवशी किलोमागे १० ते २० कॅलरी, अगदी खंगलेल्यात त्याहूनही कमी, आणि एक-दोन दिवसांच्या टप्प्यांनी वाढ. सलाइनमधलं डेक्स्ट्रोज आणि प्रोपोफॉल या गुंगीच्या औषधातली चरबी (मिलीमागे १.१ कॅलरी) हिशेबात धरा, नळी बंद ठेवून रोज दोन लिटर डेक्स्ट्रोज देणाऱ्या ठिकाणी हाच प्रकार ‘अन्न न देता’ घडतो. पहिले तीन दिवस तिन्ही क्षार बारा-बारा तासांनी तपासा. नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या असतील तर पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही खोटे जास्त येतात. ‘नॉर्मल’ वाचून गाफील राहू नका.

अन्न सुरू झाल्यावर फॉस्फरस २ च्या खाली गेला तर ४८ तास कॅलरी कमी करा आणि क्षार भरा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांना तासाला २० कॅलरींवर आणलं होतं, म्हणजे दिवसाला ४८०. अन्न पूर्ण बंद करायची गरज नसते. फॉस्फेट शिरेतून काही तासांत सावकाश द्या, झटक्यात कधीच नाही, आणि कॅल्शियमच्याच लाइनमधून नको, साका धरतो. पोटॅशियम फॉस्फेट दिलं तर त्यातलं पोटॅशियमही मोजा.

अशा रुग्णात आणखी एक सापळा आहे. स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, मूत्रपिंडाचं काम जोखायला मोजला जाणारा घटक) मुळात ०.४-०.५ असतं. रिपोर्टवर १.० आलं की ‘नॉर्मल’ छापलेलं असतं, पण ती दुप्पट वाढ असते.

प्रश्न : स्नायू मोजायला बॉडी कॉम्पोझिशनचं यंत्र घ्यावं का?
— छोट्या रुग्णालयाचे संचालक, कोल्हापूर

उत्तर : आयसीयूसाठी सध्या नको. ते अंगातून बारीक विद्युतप्रवाह सोडून पाण्यावरून स्नायूंचा अंदाज बांधतं, आणि आयसीयूत पाण्याचाच हिशेब बिघडलेला असतो. तुमच्याकडचं अल्ट्रासाउंड वापरून बघा : कंबरेच्या पुढच्या हाडापासून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपर्यंत रेष धरा, तिचा मध्य कातडीवर पेननं खुणा करा, भरपूर जेल लावा आणि प्रोब न दाबता मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडी मोजा. प्रोब जरा दाबला की जाडी मिलिमीटरांनी कमी येते. कुपोषण ठरवणारा सर्वमान्य आकडा अजून नाही. एकाच हातानं दर आठवड्याला मोजून कल बघा. पोटाचा सीटी दुसऱ्या कारणानं झालाच असेल तर रेडिओलॉजिस्टना तिसऱ्या कटिमणक्याच्या पातळीवरचं स्नायूंचं क्षेत्रफळ विचारा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या डच अभ्यासात पुरुषांत १७० आणि स्त्रियांत ११० चौरस सेंटिमीटरच्या खाली असलेल्यांत मृत्यू जास्त होते. निव्वळ यासाठी मात्र रुग्णाला सीटीला नेऊ नये.

प्रश्न : आम्ही नातेवाईक यात काय मदत करू शकतो?
— अनेक वाचक

उत्तर : बेशुद्ध माणसाचा इतिहास फक्त तुमच्याकडे असतो. ‘जेवण बरं होतं’ याचा कुणालाच उपयोग नाही; आकड्यांत सांगा. एरवी दोन भाकऱ्या खाणारा माणूस शेवटचे किती दिवस अर्ध्या भाकरीवर होता? पेज, चहा-बिस्किटावर कधीपासून? जुन्या रिपोर्टवर, शस्त्रक्रियेच्या डिस्चार्ज कार्डवर वजन लिहिलेलं असतं. ते तारखेसकट आणा. वजन ठाऊक नसेल तर पट्ट्याला नवं भोक पाडलं का, ब्लाउज किती वेळा टाचून घेतलं, बांगड्या कोपराकडे सरकत होत्या का, अंगठी दोरा गुंडाळून घालावी लागत होती का, हे सांगा. सहा महिन्यांपूर्वीचा लग्नातला फोटो मोबाइलमध्ये असेल तर डॉक्टरांना दाखवा. सुजेखाली झाकलेला चेहरा पूर्वी कसा होता, ते त्यात दिसतं. दारू, उपासतापास, मधुमेहाची आणि लघवीची औषधं, जुलाब, गिळताना लागणारा ठसका यातलं काहीही लपवू नका. हे सगळं एका कागदावर लिहून पहिल्याच दिवशी, नळीवाटे आहार सुरू होण्याआधी, ड्युटीवरच्या सिस्टरांकडे द्या आणि फाईलला लावायला सांगा.